दोन पावसाळे काढलेलं अंगण: ब्लॉक, चिऱ्यांची भिंत आणि लॉन

अंगणाला पेव्हर ब्लॉक घालू का, असं विचारणारं आमच्याकडे महिन्याला एक तरी कुणी येतंच. येतात, फाटकात उभे राहून बघतात, "छान दिसतंय हो" म्हणतात आणि चौरस फुटाचा भाव विचारतात. पहिल्या उन्हाळ्यात मी भाव सांगून मोकळी व्हायचे. आता बसवून घेऊन सगळं सांगते, कारण मधल्या काळात दोन पावसाळे गेले आणि एक भिंत दोनदा बांधून झाली.

घर देवरुखजवळ. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. जोतं उंच, समोरची जमीन रस्त्याकडे उतरती. अंगण ३० फूट बाय २२ फूट, म्हणजे ६६० चौरस फूट. पूर्वी सगळी मातीच होती; खालच्या कडेला अडीच फुटी गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत, मध्ये तुळस, एका कोपऱ्यात रायवळ आंबा. पावसात चिखल आणि सासूबाईंचं वय बहात्तर, म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत काम काढलं. ३८० चौरस फुटांत पेव्हर ब्लॉक, १८० फुटांत लॉन, खालच्या कडेला चार फूट उंच चिऱ्यांची भिंत आणि मागे भराव टाकून अंगण सपाट. तुळशीभोवतीची माती तेवढी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ठेवायला लावली. एप्रिलअखेर काम संपलं. फोटो काढले, सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

भिंतीपासून सुरुवात करते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

जुना गडगा सुका रचलेला होता. त्यात ना सिमेंट, ना दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरलेल्या. ठेकेदार म्हणाला, "हा काढून टाकू, पक्की भिंत घेऊ." नवी भिंत खरंच देखणी झाली. एकसारखे चिरे, सिमेंटच्या सरळ दर्जा, वर कोपिंगचा, म्हणजे माथा झाकणारा थर. मागे खणून काढलेली लाल माती ढकलली, वरून पाणी मारलं, झालं. पाणी बाहेर पडायला भिंतीत एकही भोक ठेवलं नव्हतं. तेव्हा आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पहिल्याच जुलैच्या मध्यावर, तीन दिवसांच्या झडीनंतर, सकाळी फुलं काढायला गेले तर दर्जांतून लाल पाणी झिरपत होतं. एका दर्जेत माझं नख आत गेलं. ह्यांनी ओळंबा लावला. भिंतीनं मध्यभागी अडीच इंच पोट काढलं होतं. वरच्या बाजूला ब्लॉकच्या शेवटच्या दोन ओळी दीड इंच खचलेल्या. गावातल्या जुन्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, एक शब्द न बोलता पहार मागितली आणि तळापासून वीतभर उंचीवर पाच ठिकाणी भोकं पाडली. पहिल्या भोकातून पाण्याची धार हातभर लांब उडाली. चांगले दोन तास ते पाणी वाहत होतं. आई ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, तो गडगा पाणी पिऊन बाहेर टाकायचा. ही भिंत टाकते कुठे?"

त्यांचं हे वाक्य नंतर मी हिशेबात मांडून पाहिलं. चार फूट उंच भिंतीच्या मागे पाणी काठोकाठ साठलं, तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला ७०० किलोच्या वर जातो. आमच्या ३० फुटांवर तो साडेसहा टनांच्या पुढे होतो, आणि ओल्या मातीचा रेटा आणखी वेगळा. सुक्या गडग्याच्या फटींतून पाणी निघून जात असे, त्यामुळे त्याच्यावर हा भार कधी आलाच नाही. चाळीस वर्षं तो तसाच उभा होता आणि आम्ही त्याला कच्चा म्हणून मोडला. याचं मला आजही वाईट वाटतं.

टेकू लावून तो पावसाळा काढला. डिसेंबरात भिंत उतरवली आणि गवंडीकाकांकडून पुन्हा बांधून घेतली. या वेळी पाया दीड फूट खाली नेला. तळाला तीन चिऱ्यांची जाडी, मधे दोन, वर एक. मागची बाजू पायऱ्यापायऱ्यांची आणि दर्शनी बाजू आत किंचित झुकती. तीन इंची पाइपाचे तुकडे दर पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. भिंतीमागे फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा आणि खडी व माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड. त्यातून पाणी जातं, माती जात नाही. कापड नसेल तर माती खडीत शिरते आणि पाइप हळूहळू बुजतात. भराव या वेळी सहा-सहा इंचांचे थर देऊन, प्रत्येक थर मशीननं ठोकून घेतला.

पहिल्या भिंतीला ६२ हजार लागले होते. दुसरीला ४८ हजार, तेही बरेचसे चिरे पुन्हा वापरता आले म्हणून. त्या ४८ हजारांत खडी, पाइप आणि कापड मिळून सात हजारांच्या आतच आहेत. हे सात हजार पहिल्यांदाच खर्चले असते तर बाकीचे वाचले असते.

दुसऱ्या पावसाळ्यात तिची परीक्षाही लगेच झाली. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात उतरला. त्याच्या आधीही चार-पाच दिवस अवकाळी कोसळतच होता. मी छत्री घेऊन भिंतीखाली उभी राहिले. पहिला पाइप गळायला लागला, मग दुसरा, मग ओळीनं सगळे. पाणी गढूळ नव्हतं, नितळ होतं. म्हणजे आतली माती आतच राहत होती. ऑक्टोबरात पुन्हा ओळंबा लावला, दोरी हलली नाही.

आता ब्लॉक. आमचे ६० मिलिमीटर जाडीचे झिगझॅग आहेत, राखाडी. भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये नुसत्या चालण्यासाठी ५० मिलिमीटर, हलक्या वाहनांसाठी ६० आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० अशी जाडी दिलेली आहे. छोटी गाडी आत येत असेल तर साठ पुरतात. विटांचा, सिमेंटचा ट्रक आत घ्यायचा असेल तर ऐंशीच घ्या. साहित्य, मजुरी आणि खालची खडी धरून आम्हाला चौरस फुटाला ८५ रुपये पडले.

खचलेल्या ओळी पुन्हा बसवताना दुसरी एक चूक उघडी पडली. गाडीच्या चाकाखाली दोन पन्हळी पडायला लागल्या होत्या. ब्लॉक उचलले तर खाली चार इंच ग्रिट, म्हणजे दगडाची बारीक कच! ग्रिटची गादी इंच-दीड इंचाची हवी, तिच्याखाली ठोकलेल्या खडी-मुरुमाचा सहा इंचांचा पाया हवा. आमच्याकडे पाया उंचसखल राहिला होता आणि ते उणं ग्रिटनं भरून काढलं होतं. चाकाखाली ग्रिट सरकते, वरचा ब्लॉक बसतो. तुमच्याकडे काम चालू असेल तर ब्लॉक लावायच्या आधी स्वतः एक पट्टी खुपसून गादीची जाडी मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्लॉकच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. कोबा खचला असता तर फोडावा लागला असता. इथे नव्वद चौरस फुटांचे ब्लॉक उचलले, खालचं नीट केलं, तेच ब्लॉक परत बसवले. फुटले फक्त सहा. दोन गडी, दोन दिवस.

उतार दहा फुटांना अडीच इंच ठेवलाय, घरापासून लांब. एवढ्यानं पाणी साचत नाही आणि खुर्ची डगमगत नाही. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब, म्हणजे काठाचे उभे ब्लॉक आहेत. त्यांच्यावाचून कडेचे ब्लॉक हळूहळू पसरतात आणि मग मधलेही सुटतात.

त्रास दोन. पहिला शेवाळ. आंब्याखालच्या सावलीत जुलैच्या पहिल्या आठवड्यातच हिरवी साय धरते. आई एकदा घसरल्या. सुदैवानं कठड्याला हात लागला. तेव्हापासून फाटक ते पायरी एवढी वाट दर पंधरा दिवसांनी काथ्याच्या खराट्यानं घासायची आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून धुवायची, असा नेमच झाला आहे. लॉनकडे ते पाणी जाऊ द्यायचं नाही, गवत जळतं. दुकानात तुम्हाला साच्यातले गुळगुळीत, चकचकीत ब्लॉक दाखवतील. रंग सुंदर असतात. घरात म्हातारं माणूस असेल आणि तुम्ही कोकणात राहत असाल तर ते घेऊ नका. मशीनवर दाबून काढलेले खरबरीत घ्या, दिसायला साधे असले तरी.

दुसरा त्रास फटींतल्या वाळूचा. ती प्रत्येक पावसाळ्यात थोडी वाहते, थोडी मुंग्या उकरून वर आणतात. वाळू गेली की ब्लॉक एकमेकांना धरत नाहीत आणि मोकळ्या फटीत गवत रुजतं. यंदा मेअखेर भरायची ठरवली होती, पण पाऊसच आधी आला आणि चार महिने अर्धवट फटींवर काढावे लागले. गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं अंगण धुतलं तर उरलेली वाळूही उडते. हे शेजारच्या भाऊंच्या अंगणात पाहिलं.

उन्हाळ्यात ब्लॉक तापतात, एप्रिलमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. वाळवणाला तोच ताप कामाला येतो. आमसुलं या अंगणात दोन दिवस आधी वाळली. फक्त खाली जाड कागद आणि त्यावर चटई घाला. मी पहिल्या वर्षी पातळ कपड्यावर पसरली होती. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, खाली उतरला आणि तिथल्या आठ-दहा ब्लॉकवर जांभळट डाग बसले, ते अजून गेलेले नाहीत.

लॉनबद्दल माझं मत मिश्र आहे. आधी सगळीकडे मेक्सिकन गवत लावलं. बारीक, दाट, पायाला मऊ. उन्हातल्या भागात ते आजही सुरेख आहे. आंब्याच्या सावलीत ते पहिल्या पावसाळ्यातच विरळ झालं, म्हणून तिथे रुंद पानाचं बफेलो गवत लावलं आणि ते छान धरलं. पागोळीखाली मात्र काहीच टिकलं नाही. कौलांवरून पडणाऱ्या पाण्यानं एका महिन्यात लॉनमध्ये सरळ चर पाडला, जणू कुणी कुदळीनं ओढलाय. शेवटी तिथे दीड फूट रुंदीचा नदीतल्या गोट्यांचा पट्टा केला. आता पागोळी गोट्यांवर पडते, भिंतीवर मातीचे शिंतोडे उडत नाहीत, आणि पावसात ओटीवर बसलं की तो आवाज फार गोड लागतो.

पावसाळ्यात लव्हाळा सगळीकडून वर येतो. नुसता उपटून चालत नाही, खालची गाठ निघाली पाहिजे. शनिवारी सकाळी जमीन ओली असताना मी खुरपं घेऊन बसते, तासभर जातो. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न. १८० चौरस फुटांना उन्हाच्या दिवसांत रोज ८०-८५ लिटर पाणी लागतं. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा गवतावर पाणी ओतायला हात धजत नाही. यंदा मी दिवसाआड, तेही कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी दिलं. गवत पिवळं पडलं, पण मुळं जगली आणि पहिल्या पावसानंतर आठवड्यात हिरवं झालं. यापेक्षा एक फूटही जास्त लॉन मी करणार नाही. विहीर भरवशाची नसेल तर अजिबात करू नका.

आणि तुळशीभोवतीची माती. आठ फुटांचं ते वर्तुळ ठेकेदाराला अडचणीचं वाटत होतं. ब्लॉक गोल कापावे लागतात, मजुरी वाढते. आई अडून बसल्या. दोन्ही वर्षी पाऊस गेल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून अंगण करायला शिकवलं. माती उकरायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून मुरू द्यायची आणि मग चोपण्यानं चोपायची, कडेपासून मध्याकडे, थोड्या ओलीवर. अंगठा दाबला तर रुतता कामा नये. मग शेणाचा सडा. मी चोपत होते तेव्हा वाटलं, भरावाच्या थरांवर मशीननं जे केलं ते हेच. त्या म्हणाल्या, "मधे उंच ठेव हो, कडेला पाणी गेलं पाहिजे." बोटांनी चाचपून त्यांनी उतार तपासला. एके ठिकाणी परत माती घालायला लावली.

या रविवारी फटी भरायच्या आहेत. बारीक वाळू चाळून पडवीत सुकत ठेवली आहे. ओली वाळू फटीत उतरत नाही. चार घमेली पुरतील असा अंदाज आहे. ते झालं की डागवाल्या ब्लॉकपैकी चार उचलून आंब्याखाली टाकायचे आणि तिथले इकडे आणायचे, म्हणजे तुळशीच्या लग्नाला फाटकासमोर रांगोळी काढता येईल.