खांद्याचं फ्रॅक्चर आणि पोट-कंबरेचे व्यायाम: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगते. या व्यायामांनी माझं हाड लवकर जुळलं नाही, आणि दुखणं त्यांच्यामुळेच थांबलं असंही मी म्हणणार नाही. हात वर नेताना मी नकळत जी लबाडी करत होते, ती मात्र यांनीच पकडली. माझ्या लेखी तेवढ्यावर पैसे वसूल.

पावसात स्कूटी घसरली आणि उजव्या दंडाचं हाड खांद्यालगत मोडलं. तुकडे सरकले नव्हते, त्यामुळे ऑपरेशन टळलं. आधी स्लिंग, मग ओणवं होऊन हात लोंबता सोडून झुलवायचा पेंड्युलम, मग भिंतीवर बोटं चढवणं, हे सगळं नेहमीच्या क्रमाने झालं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझं लक्ष्य साधं होतं: फळ्याची वरची ओळ. भिंतीवर बोटं रोज थोडी वर जात होती आणि मी खूश होते. मग फिजिओने बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला. बरगड्या पुढे आलेल्या, कंबर मागे वाकलेली, खांदा कानाला टेकलेला. म्हणाली, "काकू, हात वर गेलाच नाही, तुम्हीच मागे गेलात."

त्यावर तिने दिलेला व्यायाम म्हणजे 'डेड बग'. उताणं झोपून गुडघे पोटावर घ्यायचे आणि एकेक पाय हळूहळू लांब करायचा. तेवढा वेळ कंबर जमिनीवरून उचलली जाता कामा नये. सुरुवातीला दुखरा हात पोटावरच ठेवला होता. परवानगी मिळाल्यावर झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून डोक्याकडे न्यायला लागले. कंबरेखाली टॉवेलची घडी ठेवून तिचं टोक मुलीच्या हातात द्यायचं. घडी सहज ओढली गेली की समजायचं, कंबर उचलली. भिंतीपाशी छान दिसणारा माझा हात जमिनीवर निम्म्यातच अडला. वाईट वाटलं, पण खरा आकडा कळला. श्वास रोखायचा नाही म्हणून मोठ्याने मोजायला सांगतात. मी एकोणिसाचा पाढा म्हणायचे. घरच्यांचाही पाठ झाला.

हात आणि पोटाचा संबंध काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना दिसलं होतं, की निरोगी माणूस झटकन हात वर करतो तेव्हा पोटातला सगळ्यात आतला आडवा स्नायू हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जातो. म्हणजे शरीर आधी बूड पक्कं करतं, मग हात उचलतं. शिवाय खांद्याचं पातं बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू पोटाच्या तिरक्या स्नायूत बोटांत बोटं अडकवावीत तसा गुंतलेला असतो. यावरून पोट आवळलं की हाड जुळतं असं कोणी सांगू लागलं, तर मात्र सोडून द्या.

यूट्यूबवर 'कोअर', म्हणजे पोट-कंबरेचे स्नायू, म्हटलं की पाठीच्या कण्याचे अभ्यासक मॅकगिल यांचे तीन व्यायाम समोर येतात: कर्ल-अप (उताणं झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं), साईड प्लँक (कुशीवर कोपर टेकून धड उचलून धरणं), बर्ड डॉग (रांगतो तसं राहून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं). व्यायाम उत्तम आहेत, पण ते पाठदुखीवाल्यांसाठी बसवलेले. तिघांपैकी दोघांत भार हातावर येतो, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. साईड प्लँक मी फक्त चांगल्या बाजूवर केला, तोही गुडघे टेकून, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. बर्ड डॉग फार उशिरा आला. त्याआधी बरेच दिवस भिंतीला तळवे टेकून, कोपरं सरळ ठेवून भिंत ढकलायची, एवढंच. साध्या प्लँकच्या वाट्याला मी अजून जात नाही आणि मला त्याची उणीवही भासत नाही.

सगळ्यात आवडला तो 'पॅलॉफ प्रेस'. रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवायचा, गजाकडे कूस करून उभं राहायचं, दोन्ही हातांनी बँड छातीशी धरून सरळ पुढे ढकलायचा आणि धड वळू द्यायचं नाही. हात खांद्याच्या वर जातच नाही, त्यामुळे भीती वाटत नाही. पिवळा बँड हलका, मग लाल, मग हिरवा. मी लालवर आहे. स्वस्तातला पहिला बँड लवकरच गजावर घासून चिरला, त्यामुळे मध्ये कापडाची पट्टी घाला. मोठा जिम बॉल मात्र घेऊ नका. नुकत्याच पडलेल्या माणसाला गोल वस्तूवर बसवायचं कोणाच्या डोक्यात येतं, देव जाणे.

घरी येणारा प्रत्येक जण नीरज चोप्राचं नाव घेई. त्याच्या कोपराचं ऑपरेशन २०१९ मध्ये मुंबईत झालं आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकला, हे खरंच. पण त्याची पाठ, पोट, पाय आधीपासून तयार होते. माझं पोट दोन बाळंतपणांनंतर कोणी विचारलेलंच नव्हतं, म्हणून मला वेळ लागला.

आता फळ्याची वरची ओळ कंबर न वाकवता लिहिता येते आणि सलग दोन तासिका झाल्या तरी मान आखडत नाही. पाठीमागे हात नेऊन हुक लावणं अजून जमत नाही. तिथे पोट-कंबरेच्या व्यायामांचा काही उपयोग झाला नाही. त्यासाठी पाठीमागे टॉवेल धरून दुखरा हात वर ओढणं चालू आहे, आणि ते मला मुळीच आवडत नाही.