इंजिन बदलण्याआधी मोजमाप: सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील एका गॅरेजचा अनुभव

आमच्या २००९ सालच्या वॅगन आरची नोंदणी २०२४ मध्ये आणखी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली आणि वर्षभरातच सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला. तुळजापूरचा घाट चढताना गाडीचा दम तुटू लागला आणि दर हजार किलोमीटरला सुमारे लिटरभर ऑइल घालावे लागू लागले. एका गॅरेजने नुसते बॉनेट उघडून, काहीही न तपासता, जुन्या बाजारातले इंजिन बसवण्यासाठी ४५,००० रुपये सांगितले. एवढ्या जुन्या गाडीवर इतका खर्च ऐकीव निदानावर करणे पटेना, म्हणून होटगी रस्त्यावरील एका लहानशा गॅरेजमध्ये गाडी दाखवली.

तेथील मिस्त्रींनी आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, गेजने मोजले. तीन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास होते, चौथ्याचा काटा ११० वरच थांबला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा तो १४५ पर्यंत चढला. ऑइलने पिस्टनवरची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांमधली फट तात्पुरती बुजते, त्यामुळे काटा चढला म्हणजे गळती रिंगांपाशी आहे. तो जागचा हलला नसता तर संशय वॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर गेला असता, हे त्यांनी मला शेजारी उभे करून दाखवले. माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत या अर्ध्या तासात आहे.

दुसरे इंजिन बसवल्यास त्याचा नंबर आरटीओत आरसीवर नोंदवावा लागतो, त्यासाठी खरेदीची कागदपत्रे लागतात आणि ते इंजिन आधी कसे चालवले गेले हे कोणालाच सांगता येत नाही, असे सांगून त्यांनी हाफ इंजिनचे काम, म्हणजे तेच इंजिन ठेवून आतले झिजलेले भाग बदलणे, सुचवले. बोअर फार झिजला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील आणि खर्च वाढेल, याचीही कल्पना आधीच दिली. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवल्यावर बोअर मर्यादेत निघाला, त्यामुळे होनिंग (बोअर आतून घासणे), नव्या रिंगा, वॉल्व्ह सील, बेअरिंग आणि गॅस्केट एवढ्यावर, मजुरीसह, २७,५०० रुपयांत काम झाले. काढलेले सुटे भाग न मागता परत मिळाले.

मात्र ५ दिवसांचे काम ११ दिवस चालले, कारण हेड लेथवाल्याकडे पडून राहिले, आणि ते कळण्यासाठी मलाच रोज फोन करावा लागला. बिलही साध्या कागदावर होते. रिंगा कोणत्या कंपनीच्या, हे आग्रहाने लिहून घ्यावे लागले.

पहिले हजार किलोमीटर इंजिनावर ताण न देता गाडी चालवली आणि मग ऑइल व फिल्टर बदलले. आता ४,००० किलोमीटर झाले आहेत, डिपस्टिकवरील पातळी जवळजवळ तेवढीच आहे आणि परवा चौघांना घेऊन तुळजापूरचा घाट एसी बंद न करता चढलो.