भाडेकरारांच्या कामाला घेतलेला लेझर प्रिंटर: ब्रदर एचएल-एल२३२१डी

कर्वेनगरमध्ये घरूनच भाडेकरार नोंदवून देण्याचं माझं काम आहे. अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि लॅपटॉप पिशवीत घालून लोकांच्या घरी जायचं. नोंदणी सगळी ऑनलाइन, पण कागद काही सुटत नाही. मालकांना मसुदा छापलेलाच वाचायचा असतो, त्यावर पेनाने खुणा करून परतही द्यायचा असतो. नोंदणी झालेली प्रत भाडेकरूला बँकेपासून गॅस कनेक्शनपर्यंत सगळीकडे लागते. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की मग तर विचारूच नका.

त्यामुळे ‘घरी कुठला प्रिंटर घेऊ?’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, रंगीत काय छापणार? मुलांचे प्रोजेक्ट, फोटो असं असेल तर इंकटँक, म्हणजे शाईच्या टाकीचा प्रिंटर, घ्या, लेझरच्या वाटेला जाऊ नका. पण नुसती काळी अक्षरं छापायची असतील, तीही कधी दिवसाला पन्नास पानं आणि कधी आठवडाभर एकही नाही, तर लेझरच. माझ्याकडे आधी एक इंकटँक होता, नाव घेत नाही. दिवाळीत गावाला जाऊन आलं की त्याचे नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, सुकलेले. मग हेड क्लीनिंग करत बसायचं आणि विकतची शाई वेस्ट पॅडला, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीला, पाजायची. लेझरमध्ये सुकायला काही नसतंच. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पावडर, ती फ्यूझर नावाच्या तापणाऱ्या भागाच्या उष्णतेने वितळून कागदावर घट्ट बसते. पावसात स्कूटरवरून नेलेल्या करारावर चार थेंब पडले तरी अक्षर फुटत नाही.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदाराने आधी ऑल-इन-वन पुढे केला. “ताई, स्कॅन, कॉपी सगळं एकातच. थोडेच पैसे जास्त.” मी स्कॅन मोबाइलवर करते आणि झेरॉक्स काढायची वेळ आली तर फाइल माझ्याकडेच असते, पुन्हा छापते. मला हवं होतं ते ऑटो ड्युप्लेक्स, म्हणजे पान आपलं आपण उलटून दोन्ही बाजूंना छापणारं. सोळा पानी करार आठ कागदांत बसतो. हाताने कागद उलटून घालत बसलं की एक तरी पान डोक्यावर उभं छापलं जातं आणि ते नेमकं सह्यांचं असतं.

मग त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त लेझर दाखवला. इथे खरी मेख आहे. प्रिंटरची किंमत एकदाच मोजायची असते, टोनरची मोजतच राहायची. समजा कार्ट्रिज, म्हणजे टोनरची डबी, ३००० रुपयांचं आणि पानं १५००, तर पानाला दोन रुपये पडले. तेवढ्यात कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही छापून देतो, वर कागद त्याचा. माझ्या या ब्रदरचं टीएन-२३६५ टोनर कंपनीच्या हिशेबाने २६०० पानांचं आहे. हा हिशेब पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होतो असं धरून केलेला असतो, आणि सगळ्या कंपन्या जवळपास तसाच करतात. आपला मराठी मजकूर शिरोरेघेसकट, वर बोल्ड मथळे, ठळक चौकटी, मालक-भाडेकरूचे फोटो. तेवढी पानं मला कधी मिळालेली नाहीत. नव्या प्रिंटरसोबत येणारं टोनर पुष्कळदा अर्धवटच भरलेलं असतं, तेही बिल करायच्या आधी विचारून घ्या.

दुसरा प्रश्न ड्रमचा, म्हणजे टोनर कागदावर उतरवणाऱ्या रुळाचा. एचपीच्या ८८ए किंवा १२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये ड्रम आणि टोनर एकत्रच असतात. कार्ट्रिज बदललं की ड्रमही नवा. ज्याचं काम महिन्याला शंभरेक पानांचं, त्याला हे सोयीचं आहे. कार्ट्रिज काढलं, नवं घातलं, डोक्याला ताप नाही. ब्रदरमध्ये ड्रम वेगळा, डीआर-२३६५, साधारण १२,००० पानांचा. म्हणजे चार-साडेचार टोनर संपेपर्यंत एकच ड्रम. रोज छापणाऱ्याला हे स्वस्त पडतं. मात्र त्याची थोडी उठबस करावी लागते.

ती उठबस अशी. छापताना पानावर वरपासून खालपर्यंत काळी उभी पट्टी यायला लागली की लोक घाबरून मेकॅनिकला फोन करतात. समोरचं झाकण उघडून ड्रम बाहेर काढा. त्यावर एक छोटी हिरवी कळ दिसेल. ती डावीकडून उजवीकडे आणि परत अशी काही वेळा सरकवायची, आत कोरोना वायर, म्हणजे ड्रमला विद्युतभार देणारी बारीक तार, असते ती पुसली जाते. मग कळ बाणाच्या खुणेवर आणून ठेवायची. खुणेवर ठेवली नाही तर पट्टी जाण्याऐवजी आणखी जाड होते. आणि उभ्या पट्टीऐवजी एकच ठिपका पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल तर मोजपट्टी घेऊन अंतर मोजा. या ब्रदरमध्ये ते साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर बहुधा ड्रमवर चरा किंवा डाग आहे, कारण त्याचा घेर साधारण तेवढाच असतो. टोनर बदलून तो ठिपका जायचा नाही.

रीफिलबद्दल, म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजमध्ये बाहेरची पावडर भरून घेण्याबद्दल, दोन गट आहेत. मी रीफिलच्या बाजूची. या टोनरला चिप नाही, बाजूचं एक गिअर फिरवून पानांची मोजणी रीसेट होते, म्हणून रीफिलवाला घरी येऊन काम करून जातो. काही नव्या मॉडेलांत चिप असते आणि कंपनीच्या अपडेटनंतर बाहेरचं कार्ट्रिज चालेनासं होऊ शकतं. फक्त पावडर बाल्कनीत भरायला लावा. सांडली तर गरम पाणी लावू नका, ती तिथेच चिकटते. कोरड्या फडक्याने झटकून मग गार पाण्याने पुसा.

वेग चांगला आहे, मिनिटाला ३० पानं. ट्रेमध्ये अडीचशे कागद राहतात, पण पावसाळ्यात मी तेवढे भरून ठेवत नाही. दमट हवेत कागद ओल धरतो, फ्यूझरमधून वाकडा होऊन बाहेर येतो आणि अडकतो. रीम फोडली की उरलेले कागद त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) स्वस्त कागद उन्हाळ्यात चालतो, जुलैमध्ये ७५ घ्या.

विजेचं एक महत्त्वाचं. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नये. फ्यूझर तापताना क्षणभर एवढा करंट ओढतो की खोलीतला दिवा लुकलुकतो, यूपीएस कसला टिकतोय. गुरुवारी महावितरणची देखभाल असली की मी मसुदे बुधवारी रात्रीच छापून ठेवते.

वायफाय नाही, फक्त यूएसबी. सासरे म्हणाले, “अगं, मोबाइलवरून छापता येत नाही म्हणजे काय प्रिंटर!” सासऱ्यांना, आमच्या अण्णांना, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर येणारं सगळं कागदावर वाचायचं असतं. त्यामुळे वायफाय नसण्याने माझे टोनरचे पैसे वाचतात असं माझं खासगी मत आहे. तुम्हाला हवंच असेल तर वायफायचं मॉडेल घ्या. मात्र यातली बरीचशी २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राउटर नुसत्या ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर त्याला जोडलीच जात नाहीत.

लीगल, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब कागद लागत असेल तर ट्रेमध्ये बसतो का ते दुकानातच बघा, आणि ड्युप्लेक्स फक्त ए-फोरलाच होतं हे ध्यानात ठेवा. दुकानदार दाखवतो त्या टेस्ट पेजवर जाऊ नका. पेन ड्राइव्हमध्ये आपलाच एखादा जुना करार न्या, नावं आणि आधार नंबर काढून टाकलेला, आणि तो दोन्ही बाजूंनी छापून मागा. पाठच्या पानावरचा मजकूर तिरका येतो का, बारीक टाइपातली वेलांटी, रफार आणि अनुस्वार सुटे दिसतात का, ते तिथेच कळतं.