तीन रेस गाड्यांचं नुसतं पुढचं सस्पेन्शन, गाडी नाहीच: किटचा रिव्ह्यू

बॉक्स उघडला आणि घरातून पहिला प्रश्न आला, बाकीची गाडी कुठाय? तर बाकीची गाडी नाहीचे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या लंबगोल ट्रॅकवर (इंडी 500 रेस होते तो) पळालेल्या तीन गाड्यांचे फक्त पुढचे सांगाडे आहेत, म्हणजे चाकं धरून धक्के झेलणारा भाग, 1:12 स्केलचं मॉडेल, रेझिनचे पार्ट, थोडी पितळी तार, थोडी स्प्रिंगची तार. कंपनी छोटी आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे कुरकुर करणारे.

पहिली मिलर, 1920 च्या दशकातली फ्रंट व्हील ड्राइव्ह. ही गाडी मुळात 1922 चा इंडी विजेता जिमी मर्फी याला हवी होती पण तो 1924 मधे सिराक्यूजच्या रेसमधे अपघातात वारला आणि पुढच्या वर्षी इंडीला डेव्ह लुईस फ्रंट ड्राइव्ह मिलर घेऊन दुसरा आला. गंमत अशी की पुढच्या चाकांना ताकद द्यायची म्हणजे मधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) येणार, मग सरळ एक्सल जाणार कुठून? म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी नळी वाकवून डिफरन्शियलच्या पुढून वळसा घालून नेलीय, दी दियाँ म्हणतात तो प्रकार, आणि ब्रेकचे ड्रमपण चाकात नाहीत तर आत डिफरन्शियलला चिकटून, म्हणजे खड्ड्यावर चाकाबरोबर उड्या मारणारं वजन कमी. किटमधे ती नळी सुंदर आलीय. पण कमान पाटे! इतके जाड की ट्रकचे वाटतात. घासून पातळ करायला गेलो तर एक मोडला, शेवटी पितळी पट्टी कापून नवे केले, दोन रात्री गेल्या.

दुसरी वॉटसन रोडस्टर आणि हिच्यासाठीच मी किट घेतलं असं आता म्हणायला हरकत नाही. दिसायला अगदी अडाणी, एक जाड नळीचा एक्सल आडवा आणि दोन टोकांना चाकं, बस. स्प्रिंग शोधत बसाल तर सापडणार नाही कारण ती फ्रेमच्या आडव्या नळीत लपलेली सळई आहे, टॉर्शन बार, एक टोक घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या टोकाला एक दांडी जी एक्सलपर्यंत जाते, चाक वर गेलं की ओलं फडकं पिळतो तसा सळईला पीळ बसतो आणि तो पीळ सुटायला बघतो तेच स्प्रिंगचं काम. किटवाल्यांनी इथे खरी स्प्रिंगची तार दिलीय, बोटाने एक्सल दाबला की खरंच परत वर येतो!! मी पंधरा मिनिटं तेच करत बसलो होतो.

आणि दांडीपाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू आहे तो फेकू नका, मी जवळजवळ फेकलाच होता. खऱ्या गाडीत तो पिळून त्या कोपऱ्याचं वजन बदलतात. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली की तो पाय आणि कर्णातला समोरचा पाय जास्त भार घेतात ना, तेच. सगळी वळणं डावीकडेच त्यामुळे चारही चाकांवर सारखं वजन कुणाला हवंच नसायचं. असला बैलगाडीछाप एक्सल घेऊन ए. जे. फॉइट हा ड्रायव्हर 1964 ला इंडी जिंकला, म्हणजे हसू नका. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा तिथला तो शेवटचा विजय.

तिसरी लोटस 38, ड्रायव्हर जिम क्लार्कची 1965 ची, 200 पैकी 190 लॅप पुढे राहिलेली. स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) हवेत लटकत नाहीत, बॉडीच्या आत उभे, आणि चाक बॉडीला जोडणारा वरचा आर्मच तराजूच्या दांडीसारखा हलून त्यांना दाबतो. पण मी इथे वेगळ्याच गोष्टीवर अडकलो, उजवीकडचे आर्म लांब आणि डावीकडचे आखूड. चार वेळा मोजले. सूचनांच्या कागदावर चित्र दोन्ही बाजूंनी अगदी सारखं छापलंय, मग मी चिडून कंपनीला फोटोसकट मेल टाकला की क्वालिटी चेक नावाचा प्रकार आहे की नाही तुमच्याकडे.

रात्री गाडीचा समोरून काढलेला जुना फोटो बघितला आणि पोटात गोळा आला. बॉडी मधोमध नाहीचे! डाव्या चाकांकडे सुमारे 3 इंच सरकवून बसवलीय, कारण वळणात वजन उजव्या चाकांवर फेकलं जातं तर आधीच ते डावीकडे ठेवा, आणि मग आर्म लांब आखूड होणारच. किट बरोबर, कागद चूक, आणि मी तर सगळ्यात जास्त.

माफीचा मेल लिहायचा राहिला तेवढ्यात आठवड्याने त्यांचंच पाकीट आलं, आत चिठ्ठी, चुकीचे पार्ट गेल्याबद्दल मनापासून सॉरी, नवा सेट पाठवतोय. त्यातपण दोन लांब, दोन आखूड.