सहा इंची लाकडी रिंग: सुतीवर झकास, रेशमावर घसरते

भरतकामाची ही बीच लाकडाची रिंग आता रोजच्या वापरात आहे. आधीच्या बांबूच्या रिंगमध्ये आतल्या कड्याचा सांधा वर आलेला होता. तिथे कापड घट्ट बसायचं आणि समोरच्या बाजूला ढिलं पडायचं. ही मात्र दोन्ही कडी एकमेकांत घालून उजेडासमोर धरली, तर कुठे फट दिसत नाही. घेताना एवढं तरी बघाच, पॉलिशवर भुलू नका.

स्क्रू पितळी आहे, गंजून कापडाला डाग पडायची भीती नाही. डोक्याला खाच असल्यामुळे शेवटचा पीळ पेचकसाने देता येतो. नुसत्या बोटांनी तेवढा ताण येत नाही. सुती कापड ताणल्यावर टिचकी मारली की डफासारखं वाजतं. स्क्रू घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी ठेवायचा, म्हणजे उजव्या हाताने भरताना दोरा त्यात अडकत नाही. डावखुऱ्यांनी एक-दोनच्या जागी.

रेशमी आणि जॉर्जेटवर मात्र ही घसरते. लाकूड फार गुळगुळीत केलंय. चार टाके घातले की कापड सैल, पुन्हा ताणा. आतल्या कड्याला अर्ध्या इंचाची सुती पट्टी थोडी थोडी एकावर एक चढवत गुंडाळली आणि टोक आतल्या अंगाला शिवून टाकलं, तेव्हा कुठे पकड आली. कापडावर कड्याचे वळही कमी उठतात. एवढी पट्टी कंपनीनेच सोबत दिली असती तर काय बिघडलं असतं?

कापड ताणताना उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनेच ओढायचं. तिरकं ओढलं की काढलेलं गोल फूल रिंग सोडवल्यावर लंबगोल होतं, आणि मग दोष टाक्याला देतात! काम थांबवलं की रिंग काढून ठेवायची, नाहीतर पडलेला वळ इस्त्रीलाही दाद देत नाही. गाठीचे टाके भरून झालेल्या भागावर कडं चढवू नका, गाठी चेपतात. नक्षी मोठी असेल तर असे टाके शेवटी घ्या.

सहा इंचीला माझे चार तारे. याच कंपनीची दहा इंची मात्र घेऊ नका. लाकडाची जाडी तेवढीच ठेवलीय, त्यामुळे स्क्रू आवळला की बाहेरचं कडं वाकतं, आणि खालचा हात मध्यापर्यंत नीट पोचतही नाही.