लिबरऑफिस रायटर: वापरून वर्ष होत आलं, पण जीव अडकलाय फॉन्टच्या एका टिकमार्कमध्ये

गणपतीच्या तोंडावर मंडळाची स्मरणिका लिबरऑफिसच्या रायटरमध्ये (वर्डसारखंच, पण फुकटचं सॉफ्टवेअर) लावली. मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये, बरोबर ६४ पानं, म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं म्हणजे एक फॉर्म). जाहिराती शेवटपर्यंत येत होत्या, म्हणून प्रेसला पीडीएफऐवजी ओडीटी, म्हणजे रायटरची बदल करता येणारी मूळ फाइल दिली. लिबरऑफिस त्यांच्याकडेही होतं, मुक्ता नव्हता. मग जो देवनागरी फॉन्ट हाताशी होता तो लागला, ओळी सरकल्या आणि पानं झाली ६७. तीन पानांसाठी पाचवा फॉर्म! कागदाचे पैसे कोणी द्यायचे यावरून प्रेसवाल्याशी चांगलंच वाजलं.

राग याचा की त्यांच्या मशीनवर फाइल उघडताना साधा इशारासुद्धा आला नाही. वरच्या चौकटीत 'मुक्ता' हे नाव तेवढं तिरकं दिसत होतं. घाईत ते कोण बघतो?

फॉन्ट फाइलमध्येच भरून द्यायची सोय २०१३च्या ४.० आवृत्तीपासून आहे: फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट. ती मुळात बंद का ठेवतात हे कोडं टिक केल्यावर सुटलं. काही केबींची फाइल एकदम कित्येक एमबींची झाली. माझ्या चार जीबीच्या म्हाताऱ्या मशीनवर ऑटोसेव्ह सुरू झालं की कर्सर ठप्प. चिडून टिक काढलीसुद्धा.

पण एवढं भरतंय काय? ओडीटी म्हणजे शेवटी झिपच, अनेक फाइलींचं गाठोडं. नावाची शेपटी .odt ची .zip करून उघडली तर 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये चिनी-जपानी लिपीचा फॉन्ट! आमच्या स्मरणिकेत 'कार्याध्यक्षांचे मनोगत' आहे, चिनी अक्षर औषधालाही नाही. रायटरची प्रत्येक स्टाइल पाश्चात्त्य, एशियन आणि कॉम्प्लेक्स असे तीन फॉन्ट धरून बसते (देवनागरी तिसऱ्यात), आणि तिन्ही निमूटपणे आत जातात. मग मूळ टिक परत केली, त्याच खिडकीत 'फक्त वापरलेले फॉन्ट' निवडलं, एशियनची टिक काढली. फाइल आटोक्यात आली, सेव्हही झटपट. तेव्हा सोय वाईट नाही, पण सोडून दिलीय अर्धवट. विकतच्या फॉन्टवाल्यांनी एक लक्षात ठेवा: फॉन्टमध्येच एम्बेडिंगला, म्हणजे असं फाइलमध्ये भरायला, मनाई असेल तर टिक करूनही तो आत जात नाही.

एक गोष्ट मात्र आवडली. मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली की, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात, ल आणि श आपल्या वळणाचे होतात. उजवीकडच्या दांडीचा हिंदी ल बघून आमच्या अध्यक्षांचं डोकं फिरतं.

फॉन्टची यादी उघडायला वेळ लागत असेल तर ऑप्शन्समधून फॉन्टचा प्रिव्ह्यू बंद करा.

वर्डचं दरवर्षीचं भाडं वाचतंय, म्हणून मी इथून हलत नाही. टिक मात्र दर फाइलला नव्याने करावी लागते. मुक्ताचा परवाना खुला आहे, म्हणून प्रेसला पेनड्राइव्हवर फॉन्टही दिलाय. अजून इन्स्टॉल केलेला नाही पठ्ठ्याने.