‘व्हॅलिअंट’ : आठ महिने, तीन वाचनं

होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची ‘व्हॅलिअंट’ ही अद्भुत कादंबरी आठ महिन्यांपूर्वी हातात घेतली तेव्हा मला फक्त ‘टाइद’च्या, म्हणजे मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाच्या, पुढची गोष्ट हवी होती. ती मिळाली नाही. पहिल्या काही प्रकरणांत ओळखीचं कुणी भेटेचना, म्हणून पुस्तक मिटलं आणि महिनाभर त्याकडे बघितलंही नाही. मालिकेतला दुसरा भाग म्हणून जे हे घेणार आहेत त्यांना आधीच सांगते : जग तेच आहे, पण माणसं नवी आहेत. ‘टाइद’ २००२ची, ही २००५ची. आधीचे ओळखीचे चेहरे येतात, पण उशिरा आणि थोड्याच वेळासाठी. हे माहीत असतं तर माझा तो महिना वाया गेला नसता.

गोष्ट व्हॅलची. सतरा वर्षांची, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) खेळणारी, न्यू जर्सीत राहणारी. आई आणि आपला बॉयफ्रेंड यांच्यातलं प्रकरण तिच्या डोळ्यांसमोर येतं आणि ती न्यू यॉर्कला निघून जाते. तिथे ती डोक्यावरचे सगळे केस भादरून टाकते. हा प्रसंग मी तिन्ही वेळा थांबून वाचला. रडारड नाही, मोठं भाषण नाही. यंत्र फिरत राहतं, केस पडत राहतात आणि एक मुलगी स्वतःला ओळखू येणार नाही अशी होत जाते. पुढे भुयारी रेल्वेच्या एका बंद फलाटावर राहणारी मुलं तिला भेटतात : लॉली, डेव्ह आणि त्याचा भाऊ लुईस. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत अशी बंद स्टेशनं खरोखरच आहेत. सिटी हॉलचं जुनं स्टेशन १९४५मध्ये बंद झालं, वर्थ स्ट्रीटचं १९६२मध्ये. त्यामुळे ही जागा मला कधीच रचलेली वाटली नाही.

आता फेअरींबद्दल. आपल्याकडे ‘परी’ म्हटलं की पंख, छडी आणि गोड हसू डोळ्यांपुढे येतं. ते इथे विसरायचं. ही मंडळी आपापल्या दरबारांतून हाकललेली आहेत, आणि त्यांना लोखंड सोसत नाही. अशांनी पोलादी पूल आणि रुळांच्या शहरात जगायचं कसं? मॅनहॅटन पुलाच्या आत राहणारा रेव्हस नावाचा ट्रोल (लोककथांतला राक्षसासारखा प्राणी) त्यांच्यासाठी औषध बनवतो. ते घेतलं की शहर सोसवतं. लुईस त्या बाटल्या घरोघरी पोचवतो, कारण रेव्हसने त्याच्या भावाचा जीव वाचवला आणि त्याची फेड अजून चालू आहे. आणि हेच औषध माणसाने टोचून घेतलं तर काही वेळ त्याच्या हाती फेअरींची जादू येते. मुलं त्याला ‘नेव्हर’ म्हणतात.

रहस्य इथूनच सुरू होतं. शहरातल्या फेअरी एकामागून एक विषाने मरायला लागतात आणि संशय औषध बनवणाऱ्यावरच जातो. पहिल्या वाचनात मी नुसती धावत होते : कोण असेल, कोण असेल? गुन्हेगाराचा अंदाज मला बराच आधी आला, हे कबूल करते. रहस्यकथा म्हणून धक्का जेवढा बसायला हवा तेवढा बसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी फक्त बाटलीवर लक्ष ठेवलं. ती कुणी भरली, कुणी उचलली, वाटेत कुणाच्या हाती होती, शेवटी कुणाच्या ओठांना लागली. लेखिकेने सगळे धागे उघड्यावर ठेवले आहेत आणि आपणच त्यांवरून नजर फिरवून पुढे गेलेलो असतो. त्यात व्हॅल स्वतः त्या बाटल्या पोचवते. म्हणजे शोध घेणारीचे हातही त्या साखळीत आहेत. ही रचना मला मनापासून आवडली.

तिसरं वाचन सगळ्यात जड गेलं. ‘नेव्हर’, म्हणजे ‘कधीच नाही’, हे नाव त्याच्या नियमांवरून आलंय : दिवसातून एकदाच, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, एका वेळी चिमूटभरच. नियम ऐकून वाटतं, मुलांनी सगळा विचार करून ठेवलाय. मग त्यातला एक सुटतो, त्याच्या मागून दुसरा. लेखिका कुठेही बोट दाखवत नाही. व्हॅल एखाद्या पानावर ‘आज फक्त’ असं मनाशी म्हणते आणि आपल्याला कळतं की हे ती आधीही म्हणाली होती. व्यसनाबद्दल किशोरांसाठी लिहिलेलं इतकं प्रामाणिक मी फार कमी वाचलंय. पण म्हणूनच सांगते, सुया आणि नशा यांची वर्णनं थेट आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती हे देऊ नका. मोठ्या मुलांना दिलं तर आधी स्वतः वाचा, मग त्यांच्याशी बोला.

व्हॅल आणि रेव्हस यांचं नातं हळूहळू फुलतं, तेही तलवारीच्या सरावातून. लॅक्रॉसची काठी धरायची सवय असलेले तिचे हात नवी पकड शिकतात आणि त्या शिकण्यातूनच तिचा स्वतःवरचा विश्वास परत येतो. मुलीला वाचवायला कुणी येत नाही, तीच निघते. ‘व्हॅलिअंट’ म्हणजे शूर; पुस्तकाचं नाव तिथे सार्थ होतं.

तक्रारी आहेतच. मधला भाग रेंगाळतो. शेवट उलट घाईत उरकलाय; ज्या दरबारी राजकारणामुळे हे सगळं घडलं ते मोजक्या पानांत आटोपलं आहे. आई-मुलीच्या जखमेला आणखी जागा हवी होती. लॉली तर मला शेवटपर्यंत अर्धवटच भेटली. किशोरांसाठीच्या विज्ञान व अद्भुत कादंबऱ्यांना दिला जाणारा आंद्रे नॉर्टन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी या पुस्तकाला मिळाला आणि तो योग्यच वाटतो, पण त्यामुळे या उणिवा झाकल्या जात नाहीत.

‘टाइद’ न वाचताही हे समजतं. तरी आधी ती वाचलेली बरी, कारण २००७चं तिसरं पुस्तक ‘आयर्नसाइड’ दोन्हींचे धागे एकत्र आणतं. लुईस तिथे पुन्हा भेटतो. मी ते कालच सुरू केलंय आणि तो पानावर आल्याबरोबर दिवा आणखी तासभर चालू राहिला.